लूक यहूदी होता की परराष्ट्रीय?

नगरची_वाचक
आमच्या बायबल अभ्यासगटात गुरुवारी जुंपली. एक काका म्हणतात, अख्खं बायबल यहूद्यांनीच लिहिलंय, शुभवर्तमान (येशूचं चरित्र) लिहिणारा लूकसुद्धा यहूदीच. आधार म्हणून रोमकरांस पत्र 3:2 दाखवतात: देवाची वचनं यहूद्यांकडे सोपवली होती. मी लहानपणापासून ऐकत आलेय की लूक हा ग्रीक वैद्य, म्हणजे परराष्ट्रीय, यहूदी नसलेला. खरं काय?

माळवद
ताई, काकांचं वचन इथे कामाचं नाही. प्रेषित पौलाचं रोमकरांस पत्र साधारण इ.स. 57 च्या सुमाराचं, लूकचं शुभवर्तमान त्यानंतरचं. जे पुस्तक अजून लिहिलंच गेलं नव्हतं, त्याच्या लेखकाची जात पौल कशाला सांगेल? तो जुन्या शास्त्राबद्दल बोलतोय.

तुमच्या बाजूचा खरा पुरावा कलस्सैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात आहे. पौल आधी अरिस्तार्ख, मार्क आणि युस्त यांचे सलाम कळवतो आणि म्हणतो, सुंता झालेल्यांपैकी, म्हणजे यहूद्यांपैकी, माझे सहकारी एवढेच. मग एपफ्रास, प्रिय वैद्य लूक आणि देमास. म्हणजे लूक दुसऱ्या, यहूदी नसलेल्यांच्या यादीत. शिवाय लूकच्याच दुसऱ्या पुस्तकात, प्रेषितांची कृत्ये 1:19 मध्ये, एका शेताचं नाव सांगताना तो यरुशलेमकरांच्या ‘त्यांच्या भाषेत’ हकलदमा, असं लिहितो, ‘आमच्या’ नाही.

मला स्वतःला आवडतो तो छपराचा तपशील. पक्षाघाती माणसाला वरून खाली सोडतात ती गोष्ट. मार्क 2:4 मध्ये लोक छप्पर उकरतात. तिकडची घरं तशीच: तुळया, वर काटक्या, त्यावर माती, आमच्या मराठवाड्यातल्या माळवदासारखी. लूक तीच गोष्ट सांगतो (5:19), पण त्याच्याकडे माणूस कौलांतून खाली येतो! गालीलातल्या खेड्यावर त्याने खुशाल ग्रीक शहरातलं घर चढवलंय. माझ्या लेखी एवढं पुरे आहे, तो त्या मातीतला नव्हता.

शंकेखोर
त्या मातीतला नव्हता, कबूल. म्हणून परराष्ट्रीय कसा ठरतो? अलेक्झांड्रिया, अंत्युखिया इथे ग्रीक बोलणारे हजारो यहूदी होते, त्यांनाही कौलंच माहीत. आणि पहिला अध्याय वाचा: याजकांचा वर्ग, धूप जाळायला चिठ्ठी टाकून निवड. हे बाहेरच्याला इतकं घरचं वाटेल का? मुळात चारही शुभवर्तमानांत लेखकाने स्वतःचं नाव घातलेलं नाही. लूकचं नाव ठामपणे घेणारा बिशप इरेनियस, तो इ.स. 180 च्या आसपासचा.

माळवद
मुद्दा रास्त आहे. कौल आणि हकलदमा दोन्ही ग्रीक यहूद्यालाही लागू पडतात, म्हणून खरा भार कलस्सैवरच. सभास्थानात येऊन बसणारे, पण सुंता न केलेले ‘देवाचं भय बाळगणारे’ परराष्ट्रीय लूक पानोपानी दाखवतो, रोमी शताधिपती कर्नेल्य त्यातलाच. स्वतः लूक त्यांच्यातला असावा, असं मला वाटतं. जुन्या शास्त्राचं ग्रीक भाषांतर ऐकून ऐकून मंदिराची माहिती अशा माणसाला होणारच. तसं असेल तर हिशेब मोठा आहे, ताई: शुभवर्तमान आणि कृत्ये मिळून नव्या कराराचा पावभागाहून जास्त मजकूर होतो, पौलाच्या पत्रांपेक्षाही अधिक.

नगरची_वाचक
बापरे, हे माहीत नव्हतं. आणि जुना करार? तो तरी निखळ यहूदी ना?

माळवद
लिहिणारे, जपणारे त्यांचेच. पण आतले आवाज बघा. नीतिसूत्रे 31 लमुएल राजाच्या आईचा उपदेश. या नावाचा राजा इस्राएलाच्या किंवा यहूदाच्या यादीत सापडत नाही. ईयोब ऊस नावाच्या परक्या देशचा. दानीएल 4 मध्ये तर बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर स्वतः ‘मी’ म्हणून बोलतोय. आणि नीतिसूत्रे 22:17 पासूनचा भाग इजिप्तच्या आमेनेमोपे या लेखकाच्या उपदेशाशी इतका जुळतो की योगायोग म्हणवत नाही: गरिबाला लुबाडू नकोस, शेताची हद्द सरकवू नकोस, रागीट माणसाशी मैत्री नको. तो पपायरस ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

शंकेखोर
आमेनेमोपेचे अध्याय तीस आहेत, हेही सांगा. नीतिसूत्रे 22:20 च्या बऱ्याच नव्या भाषांतरांत ‘तीस’ वचनं येतात.

नगरची_वाचक
काकांना आधी दानीएल 4 वाचायला देते. इजिप्तचं सध्या काढत नाही, बैठक आमच्याच घरी असते आणि चहा मलाच करायचा असतो.