लग्नाच्या जेवणासाठी केटरर ठरवताना काय तपासावे? मदत हवी आहे

धाकट्या बहिणीचे लग्न तीन महिन्यांवर आले असून जेवणाची सर्व जबाबदारी माझ्यावर आहे. सुमारे 300 जणांना निमंत्रण आहे. मात्र त्यांपैकी प्रत्यक्ष किती जण येतील याचा अंदाज बांधणे मला सर्वांत अवघड जाते आहे, कारण केटरर सहसा किमान ताटांची हमी आधीच मागतात आणि पाहुणे कमी आले तरी पैसे ठरलेल्या ताटांचेच द्यावे लागतात. हा आकडा किती दिवस आधी पक्का करावा, आणि ऐनवेळी वाढणाऱ्या ताटांचा दर करारात कसा लिहून घ्यावा?

दुसरी काळजी अन्नाच्या सुरक्षिततेची आहे. शिजवलेले गरम अन्न वाढेपर्यंत 60 अंश सेल्सियसच्या वर राहावे आणि नेहमीच्या तापमानाला ते दोन तासांहून अधिक वेळ ठेवू नये, हे मला माहीत आहे; परंतु स्वयंपाक दुसरीकडे करून समारंभस्थळी आणला जाणार असेल, तर हे पाळले जात असल्याची खात्री आपण कशी करून घ्यावी? घरच्या एका कार्यक्रमात जेवणाला उशीर होऊन काही ज्येष्ठांना त्रास झाला होता, म्हणून याबाबत मला मुळीच तडजोड करायची नाही.

खास आपल्यासाठी बनवलेल्या नमुन्यापेक्षा केटररच्या एखाद्या चालू समारंभातील जेवण चाखणे मला अधिक विश्वासार्ह वाटते. अशी विनंती करणे योग्य ठरेल का? वाढपी किती असावेत आणि ॲलर्जी असलेल्या पाहुण्यांचे पदार्थ वेगळे कसे ठेवावेत, हेही अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.