ऑफिसच्या जुन्या इमारतीतला फ्लॅट, तोही भर डाउनटाउनमध्ये: घ्यावा का?

राधिका_म
नमस्कार मंडळी. आमची दोघांची ऑफिसं शहराच्या मध्यभागात आहेत आणि घर पार उपनगरात. लेक दुसरीत आहे, सासूबाई आमच्यासोबत असतात. रिकाम्या पडलेल्या ऑफिस इमारतींमध्ये आता फ्लॅट निघताहेत, त्यातला एक आवडलाय. सासूबाईंचं म्हणणं, "संध्याकाळी ऑफिसं सुटली की तिथे चिटपाखरू नसतं." असं घर घेताना काय बघावं? कुणी राहिलंय का?

कोनाडा
मी वास्तुरचनाकार आहे, म्हणून आधी इमारतीबद्दल. ती कधी बांधली ते विचारा. एसी येण्याआधीच्या ऑफिसांना उजेड-वारा खिडकीतूनच घ्यावा लागे, त्यामुळे त्या इमारती खिडकीपासून आत फार लांबवर जात नाहीत आणि त्यांची घरं छान होतात. साधारण १९६० नंतरच्या काचेच्या इमारती आत लांबवर पसरलेल्या असतात. तिथे बिल्डर फ्लॅटच्या पोटात बिनखिडकीची खोली काढतो आणि नकाशावर तिला 'स्टडी' म्हणतो. तुमच्या लेकीची झोपायची खोली तीच नाही ना, हे बघाच. आणि खिडकी उघडते का? ऑफिसच्या पुष्कळ खिडक्या कायमच्या बंद असतात.

दुसरं, पाणी. ऑफिसात एका मजल्याची सगळी स्वच्छतागृहं एकाच जागी असतात. घरं केली की प्रत्येकाला न्हाणीघर नि स्वयंपाकघर लागतं, आणि सांडपाण्याच्या पाइपला उतार द्यावा लागतो. मग एकतर न्हाणीघराला पायरी येते किंवा वरच्यांचा पाइप तुमच्या छताखालून जातो. पायरी असेल तर सासूबाईंच्या गुडघ्यांचा विचार करा. वरच्या फ्लॅटमध्ये कुणाला तरी फ्लश करायला लावून खाली बेडरूममध्ये शांत उभ्या राहा. पाइप कुठून नेलाय ते लगेच कळेल.

भटकभवानी
मी लॉस एंजेलिसच्या डाउनटाउनमध्ये भाड्यानं राहिले आहे. तिथे १९९९ मध्ये नियम बदलला आणि जुन्या बँका-ऑफिसांच्या इमारतींची घरं करणं सोपं झालं; वाढीव पार्किंगची सक्तीही काढली. लोक राहायला आले, पण मोठं सुपरमार्केट यायला २००७ उजाडलं! सुरुवातीला आलेल्यांनी ती सगळी वर्षं किराण्यासाठी बाहेरच जायचं. त्यामुळे सासूबाईंचं बोलणं उडवून लावू नका. कॅफे आणि बार पहिल्या वर्षीच येतात, त्यांना भुलायचं नाही. औषधाचं दुकान, भाजी, दात दुखला तर डॉक्टर, हे चालत जाण्याच्या अंतरावर आहे का? आणि ते रविवारी उघडं असतं का? ऑफिसवाल्यांच्या जिवावर चालणारी दुकानं शनिवार-रविवार बंद असतात, रहिवाशांवर चालणारी उघडी असतात. ती वस्ती जिवंत झाली की नाही, हे मला तरी यावरूनच कळतं.

निवांत७
+१. मेलबर्नमध्येही हाच अनुभव. तिथे १९९२ मध्ये महापालिका आणि राज्य सरकारनं 'पोस्टकोड ३०००' नावाची योजना काढली, कारण मंदीनंतर मध्यभागातली ऑफिसं ओस पडली होती. आज तिथे रात्रीसुद्धा गजबज असते आणि मला ते मनापासून आवडतं. पण शाळा फार मागे राहिली. मध्यभागाला लागून असलेल्या डॉकलंड्समध्ये सरकारी प्राथमिक शाळा २०२१ मध्ये सुरू झाली. लेक दुसरीत आहे म्हणता, तर शाळेचं आधी ठरवा, मग फ्लॅटचं.

कोनाडा
शाळेबद्दल अगदी सहमत.

सदाफुली
माझं मत थोडं वेगळं. लगेच विकत घेऊ नका, त्याच इमारतीत आधी भाड्यानं राहा. दिवसा दाखवलेल्या घरात रात्रीचा आवाज कळत नाही. मध्यरात्रीनंतर बारच्या मागच्या दारी रिकाम्या बाटल्या पिंपात ओततात, पहाटे कचऱ्याची गाडी येते. शिवाय खालच्या मजल्यांवर अजून ऑफिसं असतील तर देखभाल खर्चाची वाटणी कशी आहे आणि एसीचं मीटर प्रत्येक घराला वेगळं आहे का, हे लेखी घ्या.

राधिका_म
सगळ्यांचे खूप आभार! नकाशा काढून बघितला. 'स्टडी' आहेच, आणि खरंच तिला खिडकी नाही. इमारत मात्र जुनी, एसीच्या आधीची आहे, मग असं का?

कोनाडा
मधला चौक झाकून टाकला असेल. जुन्या इमारतींना उजेडासाठी मध्ये मोकळा चौक असायचा, पुढे त्यावर छत घालून जागा वाढवत. मूळ मंजूर नकाशा मागा. त्याच मजल्यावर रस्त्याच्या बाजूचा फ्लॅट शिल्लक असेल तर तो बघा, थोडा लहान असला तरी चालेल.

सदाफुली
रस्त्याच्या बाजूचा घेतलात तर खिडक्यांना दुहेरी काच आहे का तेही विचारा.