व्हिक्टोरिया फॉल्सचा जुना लोखंडी पूल कोणी चालत ओलांडलाय का? आई घाबरतेय

मखमलाबादकर:
नमस्कार मंडळी. एप्रिलमध्ये आईबाबांना घेऊन झिंबाब्वेला चाललोय, धाकटा भाऊ हरारेला नोकरीला आहे म्हणून हा योग. बाबांना व्हिक्टोरिया फॉल्सजवळचा तो कमानीचा पूल चालत ओलांडून झांबियात पाय ठेवायचाय. प्रॉब्लेम आईचा. पुण्याजवळचा कुंडमळ्याचा पूल पडला तेव्हापासून (जून २०२५) जुना लोखंडी पूल म्हटलं की ती हात जोडते, आणि हा तर १९०५ चा. परवा म्हणाली तुम्ही जा, मी हॉटेलात रामरक्षा म्हणत बसते. खरंच कंडिशन कशी आहे, हलतो का? आणि तिचे गुडघे दुखतात, चालायचं किती?

कारंजावाला:
व्हिक्टोरिया पूल ना? मग आफ्रिकेला कशाला जाताय, नाशकात रविवार कारंजावरून पंचवटीची रिक्षा पकडा 😄 होळकर पुलाला आमचे आजोबा शेवटपर्यंत व्हिक्टोरियाच म्हणायचे.

दोन_बॅगा:
कारंजावाले, तुमचा दगडी, हा लोखंडी, गल्लत नको.
आम्ही दोघं दोन वर्षांपूर्वी गेलो होतो. पूल २०० मीटरपेक्षा थोडा कमीच आहे, गुडघ्यांना त्रास नाही, पण दोन्हीकडच्या इमिग्रेशनपासून पुलापर्यंतचं चालणं वेगळं, आईंसाठी टॅक्सी करा. एकाच पुलावर रेल्वेचा रूळ, गाड्यांचा रस्ता आणि कडेला पायवाट. हलतो का, तर हो, हलतो. ट्रक आला की तळपायाला थरथर कळते, मी रेलिंग धरलं तर रेलिंगही थरथरत होतं, आणि खाली नदी १२८ मीटरवर! नवरा निवांत फोटो काढत होता, मी आधी त्याची कॉलर धरली. मधोमध बंजीवाले १११ मीटरची उडी मारतात ते आईंना अजिबात दाखवू नका. विकणारे मागे लागतात, तांब्याची कडी आणि झिंबाब्वेच्या १०० ट्रिलियनच्या जुन्या नोटा, भाव करा. एप्रिलमध्ये पाणी भरपूर, तुषारांनी नखशिखांत भिजाल, मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत.
बाबांना आधीच सांगून ठेवा, नुसता पूल बघून परत यायचं तर झिंबाब्वेच्या बाजूला पासपोर्ट दाखवून चिठ्ठी मिळते, पण पलीकडे उतरायचं तर झांबियाच्या व्हिसाचं आधी बघून घ्या.

सातपूरचा फिटर:
माझं अर्धं आयुष्य फॅब्रिकेशनमध्ये गेलं म्हणून लिहितोय. थरथरतो म्हणजे पडणार असं नसतं हो, लोखंडी पूल वजनाखाली थोडा लवचिकच असतो. हा रिव्हेटचा पूल, म्हणजे पत्रे ठोकलेल्या जाड खिळ्यांनी जोडलेले. कमानीचे दोन्ही पाय बिजागरीसारख्या पिनवर टेकवलेत, म्हणजे उन्हाने लोखंड वाढलं की कमान मधून वर उचलते. जोडतानाची गोष्ट आमच्या सरांनी सांगितली होती, दोन्ही काठांवरून कमान पुढे आणत आणली तर संध्याकाळी टोकं सव्वा इंच एकमेकांवर चढायला लागली, मग रात्रभर थांबले, सकाळी गार होऊन बरोब्बर बसली. १ एप्रिल १९०५. एप्रिल फूल नाही, खरं आहे.
खरा शत्रू ते तुषार. कित्येक महिने ओल, रंग उडाला की दोन पत्र्यांच्या मधे गंज धरतो, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, पत्रा फुगवतो, रिव्हेट ताणतो. वरून रंग मारून हे झाकलं जातं, म्हणून एका बाजूला बोट लावून दुसऱ्या बाजूने हातोडी मारायची, ढिला रिव्हेट बोटाला लगेच कळतो. २००६ च्या सुमाराला याची हालत खराबच होती, रेल्वेगाडी माणसाच्या चालीपेक्षा हळू सोडायचे, ट्रकला ३० टनांची मर्यादा. दुरुस्तीनंतर ती मर्यादा उठवली. आणि २०२१ ला झांबिया-बोत्स्वानामधला कझुंगुलाचा नवा पूल झाल्यावर जड ट्रकना तिकडून रस्ता मिळाला. कुंडमळ्याशी तुलनाच नको, तिथे धोक्याचा बोर्ड लावलेल्या पुलावर झुंबड चढली होती. इथे दोन देशांची चेकपोस्ट आहेत, झुंबड होऊच देत नाहीत.

मखमलाबादकर:
सगळ्यांचे आभार, आईला मोठ्याने वाचून दाखवलं. हातोडीचं ऐकून म्हणाली, मग हे आपल्याकडे का नाही ठोकून बघत. यायला तयार झालीये, पण ट्रक नसेल तेव्हाच, आणि बाबांची कॉलर ती धरणार. बंजीचा परिच्छेद मी गाळला.

कारंजावाला:
येताना ट्रिलियनची नोट आणा एक, रिक्षावाल्याला देऊन बघू.