मदत हवी आहे: जुन्या अल्टोला स्वस्तात कोणते टायर?

मंडळी, आमच्या २०१३ च्या अल्टो ८०० चे टायर बदलायला आलेत. साइज १४५/८० आर १२. नक्षी झिजून खाचेतल्या खुणेला टेकलीय, म्हणजे जेमतेम १.६ मिमी उरलीय. बाजूच्या रबराला बारीक भेगाही दिसतात. गाडी अजून दोन-तीन वर्षंच ठेवायचीय, त्यामुळे महागडे नकोत, पण पावसात ताम्हिणी उतरताना पकड हवी. सिएट, अपोलो की जेके?

एक दुकानदार भरपूर सवलत देतोय, पण टायरवर २२२१ छापलंय, म्हणजे २०२१ च्या २२व्या आठवड्यातला माल! घ्यावा का? रिमोल्डचं (जुन्याच टायरवर नवं रबर चढवलेल्या टायरचं) तर घरी नावही काढायची सोय नाही.

आणि तूर्त दोनच घेतले तर नवे मागेच टाकायचे ना? मेकॅनिक म्हणतो पुढे टाका, गाडी पुढची चाकंच ओढतात.