परतीच्या नळीचं काय?
दोन टाक्यांच्या जुन्या शेव्ही सी-१० पिकअप ट्रकवर कार्ब्युरेटर काढून फ्युएल इंजेक्शन (पंपाच्या दाबाने इंजिनात पेट्रोल फवारणारी यंत्रणा) बसवताना "पुरवठ्याची नळी बदलली की झालं, टाकी निवडायचा जुना तीन तोंडांचा व्हॉल्व्ह तसाच चालेल" असं एकाने म्हटलंय. पटलं नाही. इंजेक्शनचा पंप इंजिनाला लागतं त्याच्या कितीतरी पट पेट्रोल फिरवतो, उरलेलं टाकीत परत येतं. तीन तोंडांचा व्हॉल्व्ह फक्त पुरवठा बदलतो. मग परतीची नळी उजव्या टाकीला जोडलेली असेल, तर ओढायचं डाव्या टाकीतून आणि परत जायचं कायम उजवीकडे. उजवी भरलेली असेल तर थेट रस्त्यावर सांडणार.

सहा तोंडांचा मोटरवाला व्हॉल्व्ह घ्या, तो पुरवठा नि परत दोन्ही एकदम बदलतो. मात्र त्याच्या मोटरला उलट-सुलट पोलॅरिटी (प्लस-मायनसची अदलाबदल) द्यावी लागते, त्यामुळे जुना स्विच बहुधा बाद. चेसिसवर (गाडीच्या सांगाड्यावर) एकच पंप लावणार असाल तर तो व्हॉल्व्हच्या पुढे, इंजिनाकडच्या बाजूला बसवा, म्हणजे पुरवठ्याच्या बाजूने व्हॉल्व्हवर दाब येत नाही.