इंजिनिअरिंगच्या एफईनंतर (पहिल्या वर्षानंतर) कॉलेज बदललं की पोरगा पळपुटा?

कृष्णाकाठ : परवा इथे एका काकांनी लिहिलं, "पहिल्या वर्षानंतर कॉलेज बदलणारी पोरं पळपुटी. कॉलेजने काही होत नाही, पोरात दम पाहिजे." खाली सगळे माना डोलावतायत. तिथे उत्तर लिहायला घेतलं ते लांबलं, म्हणून वेगळा धागा.

काका, कॅपच्या, म्हणजे सरकारी प्रवेशप्रक्रियेच्या, पहिल्याच राउंडला पहिला पर्याय लागला की सीट फ्रीज, बदलता येत नाही. तो पर्याय भरतं कोण? बारावीचं पोर, शेजारचे एक जाणकार आणि नेट कॅफेवाला. कॉलेज कुणीच बघितलेलं नसतं. माझ्या भाच्याच्या वर्कशॉपला चालू लेथ एकच, भोवती अख्खी बॅच. जर्नलं मात्र सगळ्यांची पूर्ण, कारण ती मागच्या वर्षीच्या फायलीवरून उतरवायची. कॉम्प्युटर लॅबला कुलूप, कारण लॅब असिस्टंट अॅडमिशनच्या प्रचाराला गावोगाव फिरतोय. यात दम कुणी दाखवायचा, पोरानं की लेथनं?

बॉयलरवाला : तो काका मीच. असल्याच कॉलेजातून केट्या (राहिलेले विषय) घेत घेत पास झालो, आज माझ्या हाताखाली पुण्याच्या नामांकित सीओईपीची पोरं आहेत. भाच्याला पुण्यात धाडून काय होणार? कॉट बेसिसवर खोली, मेसची पातळ आमटी आणि बापाच्या डोक्यावर कर्ज. लेथ चालवायचाच असेल तर सुट्टीत एमआयडीसीत जा म्हणावं. कोण नको म्हणतंय?

सबमिशनग्रस्त : दोघांनाही नमस्कार. मी बदललंय, म्हणून बोलतो. मनात आलं आणि गेलो असं नसतं. समोरच्या कॉलेजात त्या ब्रँचला जागा रिकामी हवी, आणि कॉम्प्युटरला ती कुठे असते? डिप्लोमावाले थेट दुसऱ्या वर्षाला येतात तेही त्याच जागांवर. मग दोन्ही कॉलेजांची एनओसी, विद्यापीठ वेगळं असेल तर मायग्रेशनचा दाखला आणि इक्विव्हॅलन्स, म्हणजे आधीचे विषय जुळतात का ते. मी ऑटोनॉमसमधून, म्हणजे स्वतःचा अभ्यासक्रम आणि परीक्षा असलेल्या कॉलेजातून, विद्यापीठाच्या कॉलेजात आलो. एक विषय दोनदा शिकलो आणि एक आधी नव्हताच, तो ज्युनिअरांच्या बाकावर बसून काढला. वर गणिताचं एम-थ्री होतंच. तरी परत विचारलंत तर बदलेनच. इथे सर तासाला येतात.

पेठी परीक्षक : ऑटोनॉमसचा विषय निघालाच आहे तर बोलतो. पेपर यांचाच, तपासणार हेच, आणि दहापैकी नऊच्या खाली पॉइंटर (ग्रेड) नाही. वाढपी ओळखीचा असला की पंगतीत कुठेही बसा! आमची पोरं विद्यापीठाचा पेपर देऊन साठ टक्क्यांत अडकतात आणि कंपनीच्या कटऑफला ही नऊ पॉइंटरवाली पुढे.

ऑटोनॉमसचीच : काहीही! मुंबईचं व्हीजेटीआय २००४ पासून ऑटोनॉमस आहे. सीओईपीही होतं, २०२२ ला तर स्वतंत्र विद्यापीठच झालं. तिथले पॉइंटरही ओळखीच्या वाढप्याचे का? आणि विद्यापीठाचं सांगूच नका. माझ्या भावाला नापास केलं, फोटोकॉपी मागवली तर आतली दोन पानं तपासलेलीच नव्हती. रीव्हॅलचा (फेरतपासणीचा) निकाल येईपर्यंत पुढच्या सेमचे फॉर्म भरून झाले होते. कुठलं विद्यापीठ ते लिहीत नाही, उगाच वाद नको.

पेठी परीक्षक : वाद नको म्हणता आणि आमचे पेपर काढता. आम्ही किती मानधनावर, किती गठ्ठे तपासतो ते येऊन बघा एकदा. आणि व्हीजेटीआय, सीओईपीच्या पदराआड गल्लीबोळातली ऑटोनॉमस कॉलेजं लपवू नका. त्या दोघांना मुजरा. बस?

ऑटोनॉमसचीच : मुजरा पोचला. मानधन कमी म्हणून पानं न बघता उलटायची, हा नियम कुठल्या अध्यादेशात आहे तेवढं सांगा.

मोरपीस : अहो, मूळ प्रश्नावर या ना कुणी. माझ्या लेकीला बदलायचंय. ऑफिसातले क्लार्क म्हणतात, उरलेल्या वर्षांची फी भरा, मग टीसी. बारावीची ओरिजिनल मार्कशीटही त्यांच्याच कपाटात. तिचा बाप तिथे हात जोडून उभा, आणि हे समोर चहा पीत "साहेब मीटिंगमध्ये आहेत". आता सांगा, पळपुटं कोण?

सबमिशनग्रस्त : ताई, ओरिजिनल अडवून ठेवता येत नाहीत, यूजीसीने २०१८ च्या परिपत्रकात स्पष्ट बजावलंय. प्रिंट काढा, अर्ज द्या, पोच घ्या. तोंडी काही बोलू नका. पण एक बघा, लेकीला २०२४-२५ पासूनची मुलींची फीमाफी लागू आहे का? ती कॅपमधून झालेल्या प्रवेशाला आहे. बदलल्यावर चालू राहते का, ते नव्या कॉलेजकडून लेखी घ्या. नाहीतर टीसी मिळेल आणि फी अंगावर येईल.

बॉयलरवाला : कागद अडवत असतील तर ताई, खुशाल बदला. त्याला मी पळपुटेपणा म्हणणार नाही. माझा शब्द मेसच्या आमटीला आणि पॅकेजच्या आकड्याला भुलून जाणाऱ्यांसाठी होता.

कृष्णाकाठ : परवाच्या पोस्टमध्ये हे 'फक्त यांच्यासाठी' कुठे होतं काका? असो. आलात थोडे खाली, तेवढं पुरे. भाच्याचा अर्ज गेलाय. नाहीच झालं तर आहे तिथेच मार्कांवर ब्रँच बदलायची, मेकॅनिकलमधून इलेक्ट्रॉनिक्सला. लेथचा प्रश्न आपोआप मिटेल.

पेठी परीक्षक : ताई, नवीन कॉलेज ऑटोनॉमस आहे का, तेही विचारून घ्या हो.

ऑटोनॉमसचीच : झालं यांचं सुरू.