पोटाचा आजार आणि नोकरी : तुमचे अनुभव

सातारकर_७७
काल पुण्याहून येताना खंबाटकीत एसटी अडकली. कॉलेजचा एक मुलगा दोनदा उठून कंडक्टरच्या कानात काहीतरी बोलला. कंडक्टर मोठ्यानं, "घरनं जाऊन येता येत न्हाई व्हय?" गाडी हसली. मला हसू आलं नाही.

२०१३ साली शिरवळला कंपनीत जायचो तेव्हा त्याच्या जागी मी होतो. अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज नि जखमा. दिवसाला बारा-पंधरा वेळा, रक्तासकट. लाईनवर ब्रेक दोनच, दहा-दहा मिनिटांचे. टॉयलेटला जायची वही होती, माझं पान सगळ्यांच्या आधी भरायचं. पोटात काही नसलं तर उठावं लागणार नाही म्हणून डबा न्यायचाच बंद केला. १७ किलो वजन गेलं. शेवटी राजीनामा दिला, कारण लिहिलं 'घरगुती अडचण'. आता पोवई नाक्याजवळ झेरॉक्सचं दुकान आहे, मागं स्वतःचं संडास. मेसालामाइनच्या गोळ्या चालू, बरा आहे.

तुमचं कसं चाललंय, लिहा.

पाटीपेन्सिल
जत तालुका, झेडपी, दोनशिक्षकी. सर मीटिंगला गेले की चारही वर्ग माझ्यावर. पाढे म्हणायला लावायचे नि पळायचं. बाई आल्या नाहीत तर पोरं पुन्हा दोनपासून सुरू. केंद्रात आमची शाळा पाढ्यांत पहिली, का ते फक्त मला माहीत.

रानवारा
मलाही आहे, आयबीएस, म्हणजे सारखं बिघडणारं पोट. ताक, इसबगोल, कुड्याची साल. आणि टेन्शन घेऊ नका.

कुपवाडी
काका, आयबीएस वेगळं. त्यात आतड्याला सूज, जखमा नसतात. आमच्यात आपलीच प्रतिकारशक्ती आतड्यावर उठते. टेन्शननं त्रास वाढतो, पण मूळ ते नव्हे.

मला क्रोन्स, सातारकरांच्या आजाराचाच भाऊबंद. फाउंड्रीत होतो. आधी आतड्याचा टीबी म्हणून सहा महिने गोळ्या खाल्ल्या, दुर्बिणीतनं दोन्ही सारखंच दिसू शकतं म्हणे. टीबी कळल्यावर जेवायला शेजारी कोण बसेना. पुढं निदान बदललं, माझा डबा मात्र वेगळाच राहिला. नंतर स्टिरॉइडनं तोंड सुजलं तर सगळे म्हणायले, तब्येत सुधारली की!

पाटीपेन्सिल
तब्येत सुधारली!! आमच्या सासूबाई पण हेच म्हणाल्या होत्या.

कॅशकाउंटर
बँकेत आहे. उठायचं तर आधी ड्रॉवरला कुलूप, मग केबिनला. बाहेर पेन्शनवाले आजोबा काच वाजवतात. लोन डेस्क मागितला तर साहेब म्हणाले, तुम्ही तर धडधाकट दिसता. अपंगत्वाचा दाखला मिळतो का हो यावर?

कुपवाडी
२०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात हा नाही.

हळदगाव
आमचं मालक सांगलीत हळदीच्या पेठेत हमाली करत्यात. पोतं उचललं तर पैसं. पाच दिस मिरजेत अॅडमिट म्हंजे पाच दिस काय न्हाई. डॉक्टरनी इंजेक्शन सांगितलं, बायोलॉजिक का काय ते. किंमत ऐकून दोघं खाली आलो, च्या पिलो, कुणीच काय बोललं न्हाई. आत्ता गोळ्यावरच हाय. भाकरी टाकायचीय, नंतर लिहिते.

सातारकर_७७
ताई, सावकाश लिहा. समाजसेवा विभाग असतो मोठ्या दवाखान्यात, तिथं विचारलंत का?

रानवारा
सॉरी हो, मला फरक माहीत नव्हता. भडंग चालतं का तुम्हाला?

कुपवाडी
सांगलीत राहून भडंग सोडायचं म्हणजे... शेंगदाणे वेचून बाजूला काढतो. बायको म्हणते, मग चुरमुरेच खा की.

कॅशकाउंटर
पुण्याला ट्रेनिंग लागलं की मी कोयना एक्सप्रेस धरतो. वेळ जास्त जातो, पण डब्यात संडास आहे. साताऱ्याचं स्टेशन तेवढं गावाबाहेर.

पाटीपेन्सिल
सातारकर, शुक्रवारी भाचीच्या अॅडमिशनला साताऱ्यात येतेय. स्टँडवरचं नको वाटतं. दुकान उघडं असेल का?

सातारकर_७७
नऊला उघडतो. मागची किल्ली काउंटरच्या डाव्या खिळ्याला असते. विचारत बसू नका, घ्या नि जा.

कॅशकाउंटर
पत्ता मलाही व्यनि करा.